पाऊण इंची पाईप आणि उघडं राहिलेलं अवतरण चिन्ह: सीमाभागातल्या एका दरपत्रकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणीच्या आसपासच्या एका गावातली ही विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावला बीसीएच्या पहिल्या वर्षाला. रविवारी आमच्या वर्गाला येते आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानं चालती करणारी प्रोग्रामिंगची भाषा, शिकते. तिच्या मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे: जीआय आणि पीव्हीसी पाईप, एल्बो, टी, सॉकेट, निप्पल, नळ, असा सगळा माल. ओळख पटू नये म्हणून गाव, कॉलेज आणि दुकान यांची नावं इथं दिलेली नाहीत.

दुकानात गिऱ्हाईक दोन्ही अंगांनी येतं. कागलकडचे शेतकरी मराठी वाचतात, चिकोडी-हुक्केरीकडच्यांना कन्नड बरं पडतं. म्हणून तिनं मामांसाठी एक साधं पान बनवलं. माल आणि माप निवडायचं, दर दिसतो, आणि खाली गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मजकूर मराठीत किंवा कन्नडमध्ये तयार मिळतो. पहिल्या वर्षाच्या मुलीनं स्वतःच्या डोक्यानं केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ते वापरात होतं. मामा रोज ते उघडत होते.

संगणकावर तिनं तीन कीबोर्ड ठेवले होते: इंग्रजी, मराठी, कन्नड. आमच्या भागात हे नवं नाही. कॉलेजचं काम इंग्रजीत, घरचं मराठीत आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये, त्यामुळं तिन्ही लागतातच. पुढं या तीन कीबोर्डांचा संबंध येणार आहे.

पुढच्या मजकुरात कोडचे तुकडे देवनागरीतच दिले आहेत. जावास्क्रिप्टमध्ये चलांची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावांची, नावं देवनागरीत चालतात, त्यामुळं ते खोटे नाहीत. अंकांचं मात्र तसं नाही. अवतरणाबाहेर २५ असं देवनागरीत लिहिलं तर ती संख्या धरली जात नाही, थेट चूक येते.

अडचण

नवे दर आले. यादी तीन ठिकाणांहून गोळा झाली. पाईपांची यादी डीटीपीवाल्यानं वर्डमध्ये टाईप केलेली होती. फिटिंगची यादी मामांच्या मुलानं आयफोनच्या नोट्समध्ये लिहून पाठवली, तीही बहिणीचा त्रास वाचावा म्हणून अवतरण चिन्हांसकट. उरलेल्या ओळी आणि गिऱ्हाइकांचे संदेश तिनं स्वतः टाईप केले, काही दुकानातल्या जुन्या संगणकावर नोटपॅडमध्ये, काही वर्गातल्या लॅपटॉपवर व्हीएस कोड या कोड लिहायच्या संपादकात. सगळं एका फाईलमध्ये चिकटवलं आणि पान उघडलं. यादी कोरी.

मामांचा फोन आला, “काल चालत होतं की गं! आज काहीच दिसंना झालंय.”

एका ओळीत चूक असताना अख्खी यादी का गेली, हा नवशिक्याला पडणारा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. ब्राउझर जावास्क्रिप्टची फाईल चालवण्याआधी पूर्ण वाचून तिची रचना तपासतो. रचनेत एक जरी चूक निघाली तर त्या फाईलमधली एकही ओळ चालत नाही. वरच्या शंभर ओळी बरोबर असल्या तरी नाही. शिवाय पहिल्या चुकीपाशी वाचन थांबतं, म्हणून एका वेळी एकच तक्रार दिसते. ती दुरुस्त केली की खालची वर येते. तिला वाटलं, आपण एक दुरुस्त करतोय आणि दुसरं बिघडवतोय. तसं नव्हतं. चुका आधीपासूनच रांगेत उभ्या होत्या.

क्रोमच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत, लाल ओळ होती: “अनकॉट सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड ऑर अनएक्सपेक्टेड टोकन”. अर्थ असा की इथं चालणार नाही असं काहीतरी आलं. काय आलं, ते त्यात नाही.

पहिला निर्णय: सगळी चिन्हं एकदम बदलणं

तिनं फाईल नीट पाहिली आणि तिच्या लक्षात आलं की काही ओळींतली अवतरण चिन्हं वळणदार आहेत, काहींतली सरळ. हे निरीक्षण अचूक होतं. जावास्क्रिप्ट स्ट्रिंगसाठी, म्हणजे चिन्हांत बंद केलेल्या मजकुरासाठी, तीनच चिन्हं ओळखते: सरळ दुहेरी, सरळ एकेरी आणि बॅकटिक (उलट्या बाजूला झुकलेली छोटी एकेरी खूण). युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, त्यांचे क्रमांक ३४, ३९ आणि ९६. पुस्तकात छापतात ती वळणदार चिन्हं ८२१६, ८२१७, ८२२० आणि ८२२१ या क्रमांकांवर आहेत. डोळ्यांना ती सारखीच वाटतात, पण ब्राउझरच्या दृष्टीनं त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वर्ड आणि आयफोन ही वळणं आपोआप देतात. पत्र लिहिताना ते छान दिसतं, कोडमध्ये ते चालत नाही.

मग तिनं शोधा-आणि-बदला वापरून फाईलमधली प्रत्येक वळणदार दुहेरी खूण सरळ केली. एका फटक्यात.

लाल ओळ गेली नाही. उलट ती वर सरकली, कालपर्यंत बिनतक्रार असलेल्या पाईपांच्या यादीत. आता क्रोम म्हणत होता, “अनएक्सपेक्टेड आयडेंटिफायर 'जीआय'”. स्वतःच्या यादीतला शब्द चुकीच्या संदेशात दिसल्यावर ती गोंधळली, पण खरं तर इथंच सगळ्यात चांगला धागा मिळाला. वर्डमधून आलेली ओळ मुळात अशी होती:

    नाव = "पाऊण” जीआय पाईप";

बाहेरची दोन चिन्हं तिनं स्वतः घातलेली, सरळ. आतलं वळणदार चिन्ह म्हणजे इंचाची खूण. पाऊण इंच दाखवायला डीटीपीवाल्यानं दुहेरी चिन्ह वापरलं होतं, जसं बिलबुकात आणि कंपन्यांच्या दरपत्रकात असतं. सरळ चिन्हांच्या आत वळणदार चिन्ह हे फक्त एक अक्षर असतं, म्हणून ही ओळ चालत होती. बदलानंतर ती अशी झाली:

    नाव = "पाऊण" जीआय पाईप";

आता स्ट्रिंग ‘पाऊण’पाशीच संपते. पुढं ‘जीआय’ हा शब्द उघड्यावर पडतो, आणि ब्राउझर विचारतो की हे नाव इथं कसं आलं.

आयफोनमधून आलेल्या ओळींत तर बाहेरची आणि आतली, सगळीच चिन्हं वळणदार होती. तिथं कोणतं चिन्ह स्ट्रिंगची हद्द आहे आणि कोणतं इंच, हे शोधा-आणि-बदलाला कळणं शक्यच नव्हतं. ते माणसालाच कळतं, कारण माणूस दुकानात उभा राहून “पाऊण इंची द्या” म्हणतो.

चिन्हाचा आकार बदलण्याआधी ते तिथं कशासाठी आहे हे ठरवायला हवं, आणि ते ठरवायचं तर ते कुठून आलं हे माहीत पाहिजे. या प्रकरणात त्यानंतरचं सगळं काम याच वाटेनं गेलं.

दुसरा निर्णय: पुढं जायचं की मागं फिरायचं

आता दोन वाटा होत्या. बदललेल्या फाईलवर एकेक चूक सोडवत जायचं, किंवा कालची चालती फाईल परत आणून नव्या ओळी पुन्हा घालायच्या. तिला पहिली वाट बरी वाटत होती, कारण “एवढं टाईप केलंय सर, परत कशाला?” पण बदलाच्या त्या एका फटक्यात कोणतं चिन्ह मूळचं वळणदार होतं आणि कोणतं सरळ, ही माहितीच पुसली गेली होती. उगम कळायचा मार्ग बंद झाला होता. चालती फाईल तिनं आदल्या दिवशी वर्गाच्या गटावर पाठवलेली होती, म्हणून मागं फिरता आलं.

नव्या ओळी उगमाप्रमाणं तीन गठ्ठ्यांत घातल्या: वर्डच्या, आयफोनच्या, हातानं टाईप केलेल्या. प्रत्येक गठ्ठा टिप्पणीच्या खुणांत, म्हणजे तिरकी रेघ आणि तारा यांच्यामध्ये बंद केला. टिप्पणीच्या आत अवतरण चिन्हं कशीही असली तरी ब्राउझर त्यांच्याकडं बघत नाही. मग एकेक गठ्ठा उघडायचा आणि पान ताजं करून पाहायचं.

इथं एक छोटी सूचना फार उपयोगी पडली: तीच फाईल फायरफॉक्समध्येही उघडून बघ. वळणदार चिन्ह हद्दीवर आलं की फायरफॉक्स “इल्लीगल कॅरॅक्टर” म्हणतो आणि त्या अक्षराचा युनिकोड क्रमांकही सांगतो. स्ट्रिंग मिटायच्या आधी ओळ संपली तर तसं स्पष्ट सांगतो. क्रोम या दोन्ही वेळी तेच एक मोघम वाक्य देतो. शिकणाऱ्यानं दुसरा ब्राउझर हाताशी ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

तिसरा गठ्ठा: ट आणि च

पहिले दोन गठ्ठे समजले. तिसरा तिनं स्वतः टाईप केलेला, त्यात वळणदार चिन्ह एकही नाही, तरी चूक. ओळ अशी होती:

    संदेश = 'नमस्कार, माल तयार आहेटच

सुरुवातीचं एकेरी चिन्ह आहे, शेवटचं नाही. त्या जागी ‘टच’.

मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित मांडणी) अवतरण चिन्हाच्या कीवर ट असतो आणि शिफ्ट दाबून ठ. शेजारच्या अर्धविरामाच्या कीवर च. तिनं सुरुवातीचं चिन्ह इंग्रजी कीबोर्डवर दिलं, मराठीवर गेली, वाक्य लिहिलं, आणि सवयीनं चिन्ह आणि अर्धविराम दाबला. कीबोर्ड अजून मराठीच होता. बोटं बरोबर जागी पडली आणि अक्षरं ट आणि च उमटली.

यात सीमाभागाची एक खास भर होती. कीबोर्ड दोनच असते तर विंडोज आणि स्पेस एकदा दाबून मराठी, पुन्हा एकदा दाबून इंग्रजी. तिच्याकडं तीन होते. मराठीवरून एकदा दाबलं की कन्नड येतं, इंग्रजी नाही. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना बहुतांशी सामाईक असल्यामुळं कन्नडमध्येही त्याच कीवर ट आणि त्याच शेजारच्या कीवर च आहे, फक्त लिपी कन्नड. काही ओळींच्या शेवटी म्हणूनच कन्नड लिपीतला ट होता. तो तिला दिसलाही होता, पण “फॉन्टचं काहीतरी असेल” म्हणून तिनं सोडून दिला होता.

यातला अवघड भाग पुढं आहे. नोटपॅड स्वतःहून चिन्ह मिटवत नाही, म्हणून तिथं लिहिलेल्या ओळींनी चूक दिली आणि त्या सापडल्या. व्हीएस कोड मात्र सुरुवातीचं चिन्ह दिलं की मिटवणारं चिन्हही आपणच टाकून ठेवतो. तिथं टाईप केलेल्या ओळी अशा झाल्या:

    संदेश = 'माल उद्या पोचेलटच'

रचना अगदी बरोबर आहे. शेवटचा अर्धविराम नाही, पण पुढची ओळ कंसानं सुरू होत नसल्यानं जावास्क्रिप्ट ते चालवून घेते. लाल ओळ नाही, पान चालू, यादी दिसते. आणि गिऱ्हाइकाला जाणाऱ्या संदेशात ‘पोचेलटच’. हे कुणाही प्रोग्रामरला नाही, मामांना सापडलं. संदेश पाठवण्याआधी त्यांनी मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “हे टच काय गं? टच स्क्रीनचं काय हाय काय?”

त्या क्षणी तिनं फाईलमध्ये ‘टच’ आणि त्यापुढं लगेच एकेरी चिन्ह अशी जोडी शोधली. नुसतं ‘टच’ शोधलं असतं तर चांगले शब्दही सापडले असते. मग कन्नड ट आणि चसाठीही तसंच. असा नेमका शोध घेणं तिला स्वतःला सुचलं. वर्गात त्या दिवशी मला सर्वांत जास्त आनंद याचाच झाला.

पर्यायांचा विचार

चुका सापडल्या. आता अशा ओळी पुढं कशा लिहायच्या, हे ठरवायचं होतं. इंचाची खूण आत, हद्दीची खूण बाहेर, दोन्ही एकच.

पहिला पर्याय बॅकस्लॅशचा. आतल्या चिन्हाआधी बॅकस्लॅश दिला की ते साधं अक्षर धरलं जातं:

    नाव = "पाऊण\" जीआय पाईप";

हे बरोबर आहे आणि प्रत्येकाला वाचता यायला हवं. पण दर बदलले की ओळी मामांचा मुलगा भरणार होता. त्याला हा नियम लक्षात ठेवायला लावणं म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा कोरी यादी. शिवाय मराठी इन्स्क्रिप्टवर बॅकस्लॅशच्या कीवर ऑ ची मात्रा असते, म्हणजे आणखी एकदा कीबोर्ड बदलणं आलं.

दुसरा, बाहेर एकेरी आणि आत दुहेरी. सोपं, आणि बऱ्याच ठिकाणी पुरेसं. पण मामांच्या दरपत्रकाच्या मथळ्यात “एप्रिल '२५ पासून” असं होतं. वर्ष तोडून लिहिताना देतो ती शेंडीसारखी वरची खूण म्हणजेही एकेरी चिन्हच. एकाच ओळीत इंच आणि तोडलेलं वर्ष दोन्ही आलं की हा पर्याय संपला.

तिसरा पर्याय बॅकटिक. २०१५ च्या इसीएमएस्क्रिप्ट आवृत्तीपासून जावास्क्रिप्टमध्ये बॅकटिकमधली स्ट्रिंग आली. तिच्या आत एकेरी, दुहेरी दोन्ही बिनधास्त चालतात, मजकूर अनेक ओळींचा असू शकतो, आणि डॉलर व महिरपी कंस वापरून मध्येच चलाची किंमत घालता येते. संदेशांसाठी हे उत्तम. तिला इतकं आवडलं की सगळंच बॅकटिकमध्ये करूया म्हणाली. इथं मी थांबवलं. एकेरी किंवा दुहेरी चिन्ह मिटवायचं राहिलं तर चूक त्याच ओळीवर कळते, कारण त्या स्ट्रिंगला ओळ ओलांडता येत नाही. बॅकटिक ओळी ओलांडतो. तो मिटवायचा राहिला की खालच्या सगळ्या ओळी पुढच्या बॅकटिकपर्यंत मजकूर म्हणून गिळल्या जातात आणि तक्रार भलत्याच ठिकाणी दिसते. नवशिक्याला ती चूक शोधणं जड जातं. आणखी एक अडचण रोजच्या वापरातली: आमच्या वर्गाची मुलं एकमेकांना कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तिथं बॅकटिकमधला मजकूर वेगळ्या टायपात दिसतो आणि बॅकटिक स्वतः दिसेनासे होतात. बघून उतरवणाऱ्याला ते तिथं होते हेच कळत नाही.

चौथा पर्याय कोडचा नव्हताच. मजकूरच बदलायचा. दुकानात ती खूण कुणी बोलत नाही. गिऱ्हाईक “अर्धा इंची”, “पाऊण इंची”, “सव्वा इंची”, “दीड इंची” असंच म्हणतं. मग तसंच लिहिलं तर? मामांना विचारलं. ते म्हणाले, “इंची लिही की. आमच्यातले लोक वाचतेत ते.” इंचासाठी वेगळी दुहेरी तिरकी खूण युनिकोडमध्ये ८२४३ क्रमांकावर आहे, तीही चालली असती, पण ती कीबोर्डवर नाही, आणि कुणीतरी पुन्हा साधं दुहेरी चिन्ह टाकणारच.

पाचवा, यादी कोडमधून बाहेर काढून स्प्रेडशीटमध्ये ठेवणं. दूरच्या दृष्टीनं हाच खरा मार्ग, यावर आमचं एकमत होतं. पण त्यासाठी फाईल वाचणं, अपूर्ण डेटा सांभाळणं असं बरंच शिकावं लागतं, आणि मामांना पान दुसऱ्या दिवशी हवं होतं.

काय केलं

मालाच्या नावांत इंचाची खूण काढून ‘इंची’ लिहिलं. मथळ्यातलं वर्ष पूर्ण केलं: “एप्रिल २०२५ पासून”. यामुळं नावांच्या यादीत आत एकही अवतरण चिन्ह उरलं नाही. नावं दुहेरी चिन्हांत आणि संदेश बॅकटिकमध्ये, असा ठरावीक नियम फाईलच्या माथ्यावर टिप्पणी म्हणून लिहिला.

टाईप करण्याची पद्धत बदलली. आधी इंग्रजी कीबोर्डवर चिन्हांची जोडी आणि अर्धविराम, मग बाणाच्या कीनं आत जायचं, मग मराठी किंवा कन्नड कीबोर्ड. मजकूर संपला की बाणानं बाहेर. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला थेट शॉर्टकट नेमता येतो, तोही तिनं केला, म्हणजे कन्नडवरून फिरून यायला नको. कन्नड कीबोर्ड काढून टाक असं कुणीतरी सुचवलं होतं. तिला तो हवाच होता, आणि मला तो सल्ला पटला नाही.

आयफोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये स्मार्ट पंक्चुएशन बंद करता येतं. मामांच्या मुलानं ते बंद केलं. शिवाय त्यानं आता अवतरण चिन्हं द्यायचीच नाहीत, फक्त नाव आणि दर पाठवायचा, असं ठरलं.

पानावरच्या बटणांच्या ओळींत तीन थर होते: एचटीएमएलचं (पानाचा सांगाडा लिहायच्या भाषेचं) दुहेरी चिन्ह, त्यात जावास्क्रिप्टचं एकेरी, त्यात मजकूर. ती कामं एचटीएमएलमधून काढून जावास्क्रिप्टच्या फाईलमध्ये अ‍ॅड इव्हेंट लिसनरनं (बटण दाबलं की काय करायचं ते सांगणाऱ्या सोयीनं) जोडली. थर एक झाला, प्रश्न मिटला.

शेवटी प्रेटियर बसवलं, फाईल जतन केली की कोड नीटनेटका होईल असं. त्याचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. रचनेत चूक असली की प्रेटियर फाईलला हातच लावत नाही. जतन केल्यावर ओळी हलल्या नाहीत तर ब्राउझर उघडण्याआधीच कळतं की कुठंतरी चिन्ह उघडं आहे.

परिणाम

पान दुसऱ्या दिवशी चालू झालं. पण एक चूक त्यानंतरही निघाली. दीड इंची निप्पल निवडलं की दराच्या जागी “अनडिफाइन्ड रुपये” येत होतं. कन्सोल स्वच्छ.

कारण असं की दरांच्या यादीत ‘दीड इंची निप्पल’ झालं होतं, पण एचटीएमएलमधल्या निवडीच्या यादीत ते नाव अजून जुन्या वळणदार खुणेसकट होतं. जावास्क्रिप्ट दोन स्ट्रिंग अक्षर-अक्षर जुळवते. जुळलं नाही, दर सापडला नाही, आणि ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द थेट मजकुरात जाऊन बसला. तिनं यावर केलेला इलाज मला दुरुस्तीपेक्षा मोठा वाटतो: निवडीची यादी हातानं लिहिणंच बंद केलं. ती आता दरांच्या यादीतूनच तयार होते. नाव एकाच ठिकाणी लिहिलं जातं, त्यामुळं दोन ठिकाणी वेगळं होण्याचा प्रश्न उरत नाही. दर सापडला नाही तर संदेश तयारच करायचा नाही, हेही तिनं घातलं.

हे झाल्यावर तिची कन्सोल वाचण्याची पद्धत बदललेली दिसली. पूर्वी लाल ओळ आली की ती पान बंद करून पुन्हा उघडायची. आता ती आधी ओळ क्रमांक बघते, मग त्या ओळीत रंग कुठं बदलतो ते बघते. संपादकात स्ट्रिंग एका रंगात असते. रंग जिथं नको तिथं थांबला, किंवा थांबायला हवा तिथं पुढं वाहत गेला, तिथंच चिन्हाचा घोळ असतो.

काय वेगळं करता आलं असतं

तीन उगमांची यादी एकदम चिकटवली नसती तर बराच वेळ वाचला असता. एका उगमाच्या ओळी घालायच्या, पान पाहायचं, मग दुसरा उगम. चूक आली तर ती कोणत्या वाटेनं आली हे लगेच कळतं.

शोधा-आणि-बदला वापरायचंच होतं तर ‘सगळे बदला’ऐवजी एकेक करून, प्रत्येक वेळी हद्द की इंच असं विचारत वापरता आलं असतं. यादी लांब असली तरी ते काम कंटाळवाणंच असतं, अवघड नसतं.

चालत्या फाईलची प्रत वर्गाच्या गटावर होती, हे नशीब. नशिबावर अवलंबून राहणं बरं नाही. रोज काम संपल्यावर तारखेच्या नावानं एक प्रत ठेवणंही पुरलं असतं. गिट, म्हणजे फाईलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन, पुढं शिकता येईल.

शिकवण्याच्या बाजूनंही एक प्रश्न आहे. मराठी माध्यमातल्या मुलांनी अवतरण चिन्हं फक्त लेखनात पाहिलेली असतात. मराठीत विरामचिन्हांचा वापर १९ व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून रुळला. त्याआधीचं लिखाण त्यांच्याशिवायच चालत आलं होतं. आजही वहीत शेवटचं चिन्ह राहिलं तर वाचणाऱ्याचं काही अडत नाही, ‘असं तो म्हणाला’ आलं की बोलणं संपलं हे कळतं. कोडमध्ये हा आधार नाही. म्हणून स्ट्रिंग शिकवताना पहिल्याच तासाला मुद्दाम बिघडवलेल्या ओळी द्याव्यात, असं मी आता करतो: एक वळणदार चिन्हाची, एक आत इंच असलेली, एक ‘टच’वाली, आणि एक जी चूक दाखवतच नाही. मुलं शेवटच्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ घालवतात, आणि तो वेळ वाया जात नाही.

पुढचा टप्पा

यादी स्प्रेडशीटमध्ये हलवायचं काम ती आता करते आहे. तिथंही अवतरण चिन्हं सुटत नाहीत. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या फाईलमध्ये, मजकुरात दुहेरी चिन्ह असेल तर ते दोनदा लिहिलं जातं. जेसॉन या डेटा लिहायच्या साच्यात स्ट्रिंगसाठी फक्त सरळ दुहेरी चिन्ह चालतं, एकेरी चालत नाही. नावांत ‘इंची’ आल्यामुळं या दोन्ही अडचणी बऱ्याच हलक्या झाल्या आहेत. कन्नड संदेश अजून एकदा तपासायचे राहिले आहेत. ते चिकोडीकडच्या एका वर्गमैत्रिणीनं मोठ्यानं वाचून द्यायचं कबूल केलं आहे, आणि मामांनी त्यासाठी जुनं दरपत्रकही काढून ठेवलं आहे.